मुंबईच्या घरात पहिली गोधडी : कापड निवडण्यापासून गोट घालेपर्यंत

गोधडी शिवायची हौस आहे, पण घरात जागा नाही, असं मला खूप जणी सांगतात. आमचं घर बोरिवलीला, वन बीएचके. दिवाण, टीव्हीचं कपाट आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल सोडलं तर हॉलमध्ये मोकळी फरशी उरते ती पाच फूट बाय सहा फूट. तेवढ्यावर गेल्या २२ वर्षांत मी लहानमोठ्या साठेक गोधड्या शिवल्या आहेत. गोधडीला सलग मोठी जागा लागते ती फक्त एका दिवशी, थर अंथरायच्या दिवशी. बाकीचं सगळं काम मांडीवर होतं, डब्यात मावतं आणि लोकलमध्येसुद्धा करता येतं. म्हणून हा लेख मी त्याच पद्धतीने लिहिते आहे: कुठल्या पायरीला किती जागा, किती वेळ लागतो, आणि नवख्या हाताची चूक नेमकी कुठे होते.

आधी दुपटं, मग गोधडी

पहिल्याच झटक्यात डबल बेडची गोधडी घ्यायला जाऊ नका. ती अर्धवट राहते, माळ्यावर जाते, आणि तिच्याबरोबर आपला हुरूपही जातो. सुरुवात बाळाच्या दुपट्याने करा. ३६ इंच बाय ३६ इंच. हे माप धरायला कारण आहे: ते मांडीवर मावतं, दिवाणावर अंथरता येतं, साध्या ४४ इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) कापडाला मागच्या बाजूला जोड द्यावा लागत नाही, आणि दीड-दोन महिन्यांत हातावेगळं होतं. ओळखीत कुणाकडे तरी बाळ येणार असतंच, त्यामुळे तारीखही आपोआप ठरते. तारीख असली की हात चालतो.

गोधडी, वाकळ, दुपटं, लेपडं अशी नावं गावागावाप्रमाणे बदलतात. माझी आजी साताऱ्याकडची, ती वाकळच म्हणायची. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि ते साध्या धावदोऱ्याने एकजीव करायचे, एवढंच त्यात आहे. आपल्याकडे आत कापूस किंवा फायबर भरत नाहीत, जुनी लुगडी, धोतरं, साड्या यांचेच थर घालतात. मुंबईच्या हवेला हेच बरं. इथे जानेवारीतही जाड रजई अंगावर ठेववत नाही, आणि भरलेलं दुपटं जुलैत धुतलं तर आठवडाभर आतून ओलं राहतं.

कापड : आधी घरातलं शोधा

बाजारात जायच्या आधी स्वतःचं कपाट उघडा. मराठी घरात हळदीकुंकवाच्या ओटीचे ब्लाऊज पीस पिशवीभर निघतात. त्यांतले सुती बाजूला काढा. सुती कोणते हे हाताला कळत नसेल तर कापडाच्या कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून, बेसिनवर काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. असा मणी ज्याचा झाला ते कापड दुपट्याला घेऊ नका. बाळाच्या अंगाला ते घाम आणतं, आणि शिवणाऱ्याच्या सुईलाही ते जड जातं. टेरीकॉटमध्ये, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्र कापडात, दोन्ही लक्षणं दिसतात. तेही बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे जुनेर. नेसून नेसून मऊ झालेली सुती साडी आतल्या थराला आणि मागच्या बाजूला सोन्यासारखी. पण जुनेर आणि जीर्ण यांत फरक आहे. साडी उजेडाकडे धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला ताणा. टर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली तर ती जागा गेली. साडी बहुधा निऱ्यांच्या तळाशी आणि कमरेपाशी आधी विरते, पदराकडचा भाग धड असतो. तो वापरा. जुनं रेशीम घेऊ नका, ते घडीवर तुटतं.

तिसरी जागा म्हणजे जवळपास ब्लाऊज शिवणाऱ्या ताई. त्यांच्याकडे अस्तराची आणि टू बाय टूची कात्रणं रोज निघतात. एक पिशवी देऊन ठेवली तर महिन्याला भरून मिळते. बदल्यात मी दिवाळीला त्यांना फराळ देते, हा आमचा १० वर्षांचा रिवाज आहे.

विकत घ्यायचंच झालं तर मंगलदास मार्केट. मरीन लाइन्सला उतरून पूर्वेला काळबादेवीच्या दिशेने चालत जाता येतं, आणि आता भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्थानकही झालं आहे. रविवारी जाऊ नका, मार्केट बंद असतं. मागताना केंब्रिक किंवा पॉपलीन मागा, आणि दर मीटरचा भाव विचारायच्या आधी पन्हा विचारा. ३६ इंच पन्ह्याचं कापड स्वस्त वाटतं, पण दुपट्याच्या पाठीला पुरत नाही आणि मग जोड द्यावा लागतो. ताक्याचं शेवटचं टोक कटपीस म्हणून कमी भावात मिळतं, ते तुकड्यांच्या कामाला अगदी बरोबर. लेस, नाडी, गोटाच्या (कडेला शिवायच्या) पट्ट्या हव्या असतील तर तिथून भुलेश्वर चालण्याच्या अंतरावर आहे. दादरला हिंदमाताकडेही सुती कापड मिळतं. मी स्वतः नवीन कापड फक्त मागच्या बाजूसाठी आणि गोटासाठी घेते. वरची बाजू घरातल्या कपड्यांची असली की दुपट्यावर बोट ठेवून ‘ही आजीची साडी, हा बाबांचा शर्ट’ असं सांगता येतं, आणि मुलं ते वर्षानुवर्षं विचारत राहतात.

आता धुणं. ही पायरी टाळू नका. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनं आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवलीत तर पहिल्या धुण्यानंतर दुपट्याला कायमच्या चुण्या पडतात. शिवाय नव्या कापडाला खळ असते, तिच्यामुळे सुई अडते. प्रत्येक रंगीत कापड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग ओलं असतानाच पांढऱ्या रुमालात गुंडाळून दाबा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा. तीनदा धुऊनही लागत असेल तर ते कापड सोडून द्या. माझ्या अगदी पहिल्या दुपट्यात मी एक लाल खण घातला होता, न तपासता. सुंदर दिसत होता. पहिल्याच धुण्यात त्याच्या शेजारचे चारही पांढरे चौकोन गुलाबी झाले आणि ते दुपटं मी ज्या बाळासाठी शिवलं त्याला देऊ शकले नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं तेव्हा मला सांगितलं होतं आणि मी तेही केलं होतं. बाजारात रंगून आलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही.

सामान

फार काही लागत नाही. चांगली कात्री, जी फक्त कापडाला वापरायची. घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवा, कारण एकदा कागद कापला की धार जाते. हातशिलाईच्या सुयांचं एक पाकीट. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. नवख्यांनी मधली, ७ किंवा ८ नंबरची घ्यावी. तुकडे जोडायला साधं सुती रीळ. टाके घालायला भरतकामाचा सुती दोरा. लडीत सहा पदर असतात, त्यांतले दोन घ्यायचे. अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), टेप, स्टीलची फूटपट्टी, टाचण्या. खुणेसाठी शिंप्याचा खडू, नाहीतर अंघोळीच्या साबणाची झिजलेली चिप. मी साबणच वापरते. गडद कापडावर त्याची रेघ बारीक आणि स्वच्छ उठते आणि धुतली की जाते.

सुयांची गोष्ट वेगळी सांगते. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने सुया गंजतात आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग ठेवते. छोट्या डबीत थोडी टाल्कम पावडर घालून तिच्यात सुया ठेवा. आणि रोज काम संपवताना सुया मोजा. किती काढल्या, किती परत गेल्या. दिवाणावर, गादीवर, जिथे घरातलं कुणी तासाभरात झोपणार आहे तिथेच आपण शिवत असतो. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत मी उठत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक यासाठी घरात ठेवलं आहे.

कापणं

९ चौकोन आडवे आणि ९ उभे, एकूण ८१ चौकोन. शिवल्यावर एकेक चौकोन ४ इंचाचा व्हायला हवा. दोन्ही बाजूंना पाव पाव इंच शिवण जाते, म्हणून कापताना साडेचार इंच. जाड पुठ्ठ्याचा साडेचार इंची चौकोन कापून घ्या, तोच साचा. पुठ्ठ्याच्या कडा १५-२० वेळा खडू फिरला की झिजतात आणि माप वाढत जातं, त्यामुळे एकसारखे तीन साचे आधीच करून ठेवा. एकूण कापड किती? ४४ इंच पन्ह्यात आडवे ९ चौकोन बसतात, म्हणजे साडेचार इंचांच्या ९ पट्ट्या, साधारण साडेचाळीस इंच लांबी. सव्वा मीटरच्या आत काम होतं, मग ते एका कापडातून घ्या किंवा बारा कापडांतून.

साचा ठेवताना त्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर हवी. तिरका ठेवला तर तो तुकडा उरेब होतो, हातात धरताच ताणतो, आणि नऊ चौकोनांच्या ओळीत असे दोन आले तरी सगळी ओळ वाकडी. ब्लाऊज पीस कडेला वेडावाकडा कापलेला असतो, म्हणून त्याच्या कडेवर विसंबू नका. एक धागा ओढून काढा, त्याची जी रेघ पडते ती खरी सरळ.

तुकडे जोडणं

सगळे ८१ चौकोन दिवाणावर मांडा. दोन गडद शेजारी आले का, सगळा पिवळा एकाच कोपऱ्यात गेला का, ते पाहा. मांडणी पसंत पडली की मोबाइलवर फोटो काढा आणि एकेक ओळ क्रमाने गोळा करून दोऱ्यात ओवून ठेवा, ओळीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी वर. घरात पंखा चालू असतो, पाहुणे येतात, त्यामुळे मांडलेलं मांडलेलं राहत नाही.

जोडायला मशीन वापरलीत तरी चालेल, हातानेही होतं. मशीनला १४ नंबरची सुई आणि मधला टाका ठेवा. शिवण अगदी पाव इंच. इथे गुंजभर चूक झाली तर नऊ ठिकाणी मिळून इंचभर होते. म्हणून मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंच मोजून एक चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. पहिल्या ओळीच्या शिवणी सगळ्या उजवीकडे इस्त्री करा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या परत उजवीकडे. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे बरोबर जुळतात. कोपरे न जुळलेलं दुपटं मऊ असतं, उबदार असतं, पण शिवणाऱ्याचं लक्ष आयुष्यभर त्या एका कोपऱ्याकडे जात राहतं.

नोकरी करणाऱ्यांनी षटकोनाचं काम शिकावं, कारण ते पूर्णपणे प्रवासात होतं. लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या. एक इंच बाजूचे षटकोन कापा. त्यावर अडीच इंची कापडाचा तुकडा ठेवून कडा कागदामागे दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यांनी धरायच्या. असे दोन षटकोन उजव्या बाजू आतल्या अंगाला ठेवून काठाला काठ बारीक टाक्यांनी जोडायचे. मधला एक आणि भोवती सहा, की एक फूल. सगळ्या बाजूंनी शेजारी जोडले गेले की आतला कागद काढायचा आणि पुन्हा वापरायचा. मी नोकरी करत होते तेव्हा बोरिवली ते चर्चगेट जाताना दोन षटकोन आणि येताना दोन, असा हिशेब होता. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुरू झाली, तेव्हापासून त्या डब्यात बायका भाजी निवडतात, क्रोशा करतात, माझ्यासारख्या षटकोन शिवतात. बसायला मिळालं तरच सुई काढायची, आणि टोक बोथट असलेली लहान कात्री गळ्यात दोऱ्याने बांधायची.

थर अंथरणं

हा तो एक दिवस. घरातल्यांना आधी सांगा, दोन तास हॉलमधून कुणी ये-जा करायची नाही. सकाळची कामं आटोपल्यावर, मुलं शाळेत असताना करा.

फरशी पुसून पूर्ण वाळू द्या. मागचं कापड, ४० इंच बाय ४० इंच, उलटी बाजू वर करून अंथरा. चारही कोपरे आणि मधल्या कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, ताणून नव्हे, फक्त सपाट राहील इतपत. ताणून लावलंत तर सोडल्यावर ते आकसतं आणि वरच्या थराला झोळ पडतो. चिकटपट्टी नसेल तर पाट, वरवंटा, तांदळाचा डबा, काहीही जड. त्यावर आतला थर. जुनी मलमलची साडी, धोतर किंवा मांजरपाट (जाडंभरडं कोरं सुती कापड), तेही ४० इंच. माझे सासरे परळच्या एका मिलमध्ये विणकर होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, मिल पुन्हा पूर्वीसारखी चालली नाही, पण सासूबाईंच्या ट्रंकेत त्याआधी आणलेल्या मांजरपाटाच्या घड्या राहिल्या होत्या. माझ्या पहिल्या आठ-दहा गोधड्यांच्या पोटात तोच आहे. बाहेरून दिसत नाही, पण गोधडी उचलली की हाताला तो जडपणा कळतो.

आतल्या थरावरून तळहात फिरवा, मधून बाहेर. मग जोडलेली वरची बाजू, सुलट, मधोमध. चारही कडेला दोन-दोन इंच खालचे थर बाहेर दिसायला हवेत. ते मुद्दाम ठेवायचे, कारण शिवताना वरचा थर थोडा सरकतोच.

आता कच्चे टाके. रंगीत दोरा घ्या, नंतर काढायला दिसतो. मधल्या चौकोनापासून सुरुवात करा आणि सूर्याच्या किरणांसारखं बाहेर जा. मग वीतभर अंतराने आडव्या ओळी. टाका दोन बोटांइतका लांब. गुडघ्यावर बसून हे काम कंबरेला त्रास देतं, म्हणून दर चतुर्थांशाला उठा आणि जागा बदला, कापड फिरवू नका. सगळं झालं की चिकटपट्टी सोडून दुपटं उलटं करा आणि मागे चुणी आहे का पाहा. चुणी असेल तर तेवढे कच्चे टाके उसवून पुन्हा घाला. आत्ता दहा मिनिटं जातील. पक्के टाके घातल्यावर ती चुणी जन्माची.

यानंतर दुपट्याची घडी घालून पिशवीत ठेवता येते. फरशी परत घराची.

टाके

दोरा हातभर घ्या, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. लांब दोरा घेतला की वारंवार ओवावा लागत नाही असं वाटतं, पण तो गुंततो, कापडातून जाऊन जाऊन पिंजतो आणि शेवटच्या वीतभर लांबीत तुटतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवा.

टोकाला छोटी गाठ. सुई वरच्या थरातून, जिथे टाका सुरू करायचा तिथून इंचभर लांब घालायची, फक्त वरच्या आणि आतल्या थरामधून सरकवायची, आणि सुरुवातीच्या जागी वर काढायची. दोरा हलकेच ओढत न्या. गाठ कापडाशी अडते. आता जरासा झटका. टक् असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत जाते. पहिल्यांदा हा आवाज ऐकला की फार बरं वाटतं. गाठ बाहेरच राहिली तर ती मोठी आहे. परत बाहेर निघून आली तर लहान आहे. चार-पाच वेळात अंदाज येतो.

धावदोरा घालताना उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. सुई सरळ खाली, आणि दुपट्याखाली डाव्या हाताचं पहिलं बोट वाट बघत असतं. टोक बोटाला जेमतेम लागलं, की तिन्ही थर पार झाले. लगेच बोटाने खालून उचलून टोक वर घ्यायचं. असे तीन-चार टाके सुईवर गोळा करायचे आणि मग दोरा एकदम ओढायचा. खालचं बोट सुरुवातीला दुखतं, आठवड्याभरात तिथली कातडी घट्ट होते. घामाने सुई हातात चिकटू लागली तर बोटांना पावडर लावा. मे महिन्यात तर दर ओळीला लावावी लागते.

इंचात किती टाके? तरबेज हात आठ-दहा घालतात. तुम्ही चार घाला, पाच घाला, पण सारखे घाला. मागच्या बाजूला टाका वरच्यापेक्षा थोडा लहान दिसतो, त्याची काळजी करू नका. पण मागे काही टाके दिसतच नसतील तर सुई तिसऱ्या थरापर्यंत गेलेली नाही. दर दोन ओळींनंतर दुपटं उलटं करून बघायची सवय ठेवा.

ओळी कशा? प्रत्येक चौकोनाच्या मधून एक आणि शिवणीच्या बाजूने एक, म्हणजे दोन-दोन इंचांवर एक ओळ. अशा १८ ओळी होतात, मिळून ६४८ इंच, सुमारे साडेसोळा मीटर. नवख्या हाताला एका ओळीला अर्धा तास लागतो. रोज एक ओळ घातली तरी १८ दिवसांत टाके पूर्ण. मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. माझी आजी उलटं करायची: चारही कडा आत दुमडून बाहेरून चौकोनात गोल गोल फिरत मधोमध यायची. कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवतात. त्या पद्धतीत झोळ मध्ये साठायला नको म्हणून हाताला मोठा सराव लागतो. दोन-तीन दुपटी झाली की ती जरूर करून बघा.

गडद कापडावरचे टाके दिवसाउजेडीच घाला. मी दुपारी दोन ते साडेतीन खिडकीशी बसते; त्या वेळी उजेड तिरका येतो आणि टाक्याची सावली दिसते, त्यामुळे ओळ वाकडी जात असेल तर लगेच कळतं.

मशीनवर टाके घातले तर चालतील का, असं हमखास विचारतात. चालतील. टिकतातही. त्यासाठी मशीनला वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय लावा, म्हणजे वरचा आणि खालचा थर बरोबरीने सरकतो, आणि टाका लांब ठेवा. पण पहिलं दुपटं हाताने करा, असं माझं ठाम मत आहे. मशीनची ओळ तिन्ही थर घट्ट आवळून टाकते. हाताच्या टाक्यात कापडाला जागा राहते, त्यानेच गोधडीला ती बारीक बारीक लाट येते, आणि धुवून वापरून ती वाढत जाते.

गोट

कडा सरळ कापून घ्या. अडीच इंच रुंदीच्या ४ पट्ट्या पन्ह्यात आडव्या कापून एकमेकींना तिरप्या जोडा. दुपट्याच्या चार बाजू १४४ इंच, कोपऱ्यांना आणि जोडाला धरून १५५ इंच पुरते. पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, दोन्ही उघड्या कडा दुपट्याच्या वरच्या कडेला लावून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याला पाव इंच आधी थांबा, पट्टी वरच्या दिशेला सरळ दुमडा, मग खाली आणा आणि पुढची बाजू सुरू करा. मग पट्टी मागे वळवून बारीक हेम घाला. बाळाच्या दुपट्याला टिकल्या, आरसे, मणी, बटणं काही लावू नका, कितीही सुंदर दिसली तरी.

पाऊस आणि धुणं

जून ते सप्टेंबर मी थर अंथरत नाही. हवेतला ओलावा आतल्या थरात बसतो आणि गोधडीला कुबट वास लागतो. त्या दिवसांत चौकोन कापायचे, षटकोन शिवायचे, रंग जुळवायचे. अंथरायचं काम ऑक्टोबरच्या उन्हात. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची रीत आहेच, त्याच वेळी जुन्या गोधड्याही निघतात. दुपटं मशीनमध्ये चालतं, गार पाणी, हलकी फिरकी. मोठी गोधडी बादलीत भिजवा, पायाने तुडवा, पण पिळू नका. ओली गोधडी पिळली की टाके तुटतात. नळावर टाकून पाणी निथळू द्या, मग दोघींनी धरून गच्चीत नाहीतर गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही बाजूंनी पसरा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या चादरीत गुंडाळा आणि वर्षात दोनदा घडी बदला.

मोठी गोधडी, दोन साड्यांची

दुपटं झालं की हात वळतोच मोठीकडे. दोन सुती साड्यांत तीन थरांची गोधडी निघते. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. तिचे ७२ इंचांचे तीन तुकडे करा. दोन साड्यांचे सहा तुकडे झाले. दोन-दोन तुकडे लांबीत जोडले की ७२ बाय ८८ इंचाचा, शिवणीपुरता थोडा कमी, एक थर. असे तीन. पण तिन्ही थरांची शिवण मधोमध एकावर एक आली तर तिथे टणक वरंबा होतो आणि तो पाठीला लागतो. म्हणून आतल्या थरासाठी एक तुकडा लांबीत मधून चिरा आणि अख्खा तुकडा मध्ये ठेवून त्याच्या दोन बाजूंना ते दोन अर्धे जोडा. शिवणी बाजूला सरकतात, गोधडी सपाट बसते.

ही गोधडी फरशीवर मावत नसेल तर सोसायटीची गच्ची सकाळी दोन तास मागून घ्या, शेजारच्या काकूंना हाताशी घ्या, आणि कच्चे टाके थोडे जवळ घाला. साड्यांचे काठ आधी उसवून ठेवलेत तर गोटाला वेगळं कापड लागत नाही. आणि उरलेल्या कापडातले हाताच्या पंजाएवढे दोन-तीन तुकडे गोधडीबरोबरच धुऊन, तिच्याबरोबरच उन्हात वाळवून डब्यात ठेवा. पाच-सात वर्षांनी कुठे ठिगळ लावायची वेळ आली की तेच रंग, तितकेच विटलेले, हाताशी असतात.